मदत हवी आहे : हळदीच्या ड्रायरची भट्टी लिमिट स्विचमुळे वारंवार बंद पडते

नमस्कार मंडळी. समुद्रपूर तालुक्यातील आमच्या गावात उकडलेली वायगाव हळद वाळवण्यासाठी आम्ही गॅस बर्नरवर चालणारा गरम हवेचा ड्रायर वापरतो आणि आत साधारण 60 अंश सेल्सिअस तापमान राखतो. गेल्या आठवड्यापासून दर पंधरा-वीस मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज होऊन ज्योत विझते, पंखा मात्र फिरत राहतो आणि हवा निवल्यावर बर्नर आपोआप पुन्हा पेटतो.

भट्टीच्या तोंडाशी असलेला, नाण्याएवढ्या द्विधातू (दोन धातूंच्या, तापल्यावर वाकणाऱ्या) चकतीचा लिमिट स्विच मर्यादेपलीकडे तापला की गॅसचा व्हॉल्व्ह बंद करतो, हे मला ठाऊक आहे. परंतु दोष स्विचमध्येच आहे की भट्टी खरोखरच जास्त तापते आहे, हे कळत नाही. थंड असताना मल्टिमीटरवर त्याचे संपर्क जुळलेले दिसतात. हवा आत घेणाऱ्या जाळीवर पिवळ्या धुळीचा जाड थर बसला होता. तो काढल्यावर थोडा फरक पडला. संध्याकाळी व्होल्टेज उतरले की पंखा मंदावतो आणि त्रास वाढतो, म्हणून माझा संशय हवेच्या प्रवाहावरच आहे.

मेकॅनिकने स्विचच्या दोन्ही तारा थेट जोडण्याचे सुचवले, ते मी साफ नाकारले. मजूर रात्री त्याच शेडमध्ये झोपतात, आणि अति तापून ज्वलनकक्षाचा पत्रा तडकला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू थेट आत येईल.

पंख्याचा वेग, हवेच्या झडपा आणि गॅसचा दाब यांपैकी आधी काय तपासावे? नवा स्विच घ्यावाच लागला, तर त्यावर छापलेल्या अंशांखेरीज आणखी काय जुळवून पाहावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.