एक्सपोर्ट केल्यावर आकाशात पट्टे, कड्यावर दाणे. बजेट ५ हजार, काय घेऊ?

पाचनई_वाट
हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यावरून सूर्यास्तानंतर काढलेला फोटो आहे. क्रॉप (छोटा) सेन्सर, २४ मेगापिक्सेल, १४ बिट रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), आयएसओ १६००. लाइटरूममध्ये (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) शॅडोज +८०, डीहेझ (धूसरपणा काढणं) +२५, नॉइज म्हणजे दाणे पुसणाऱ्या स्लायडरपैकी ल्युमिनन्स (उजेडाचे दाणे) ६०, कलर (रंगीत दाणे) ०. तिथे आकाश गुळगुळीत दिसतं. जेपेग काढलं (लांब बाजू २०४८, एसआरजीबी) की केशरी जिथे निळ्यात मिसळतं तिथे पायऱ्या पडतात आणि खालच्या काळ्या कड्यात लाल-हिरवे दाणे उठतात. ५ हजारांत नॉइज काढायचं एखादं सॉफ्टवेअर घ्यावं का?

उजेडवेडा
मॉनिटर बदला. मी २७ इंची १० बिट पॅनेल कॅलिब्रेटरसकट ४५ हजारांना घेतला, तेव्हापासून एक पट्टा दिसलेला नाही. लॅपटॉपचे बरेच पॅनेल ६ बिटचे असतात, मधल्या छटा ते पिक्सेल लुकलुकवून भासवतात.

अंधारखोली
मॉनिटर बदलून फाइल सुधारत नाही. आधी तपासा. जेपेग फोटोशॉपमध्ये १०० टक्क्यांवर उघडा आणि इन्फो पॅनेल बघत कर्सर पट्ट्यांवरून फिरवा. शेजारच्या पट्ट्यांत आकडा १ नेच बदलतोय आणि तरी कडा ठळक दिसतेय, तर पॅनेलवर संशय घ्या. आकडा ३-४ ने उडी मारत असेल तर दोष फाइलचा.

हॉलवाला
बँडिंगवर (फोटोत पट्टे पडणं) साधा उपाय: शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. सायलेंट शटर बंद करा.

अंधारखोली
अहो, ते एलईडीच्या दिव्यांखाली पडणारे आडवे काळे पट्टे. इथे आकाश आहे, दिवा कुठेच नाही. दोन्हींना बँडिंग म्हणतात, पण कारण वेगळं.

हॉलवाला
लग्नाच्या हॉलमध्ये काम करणाऱ्याला हेच लागतं. कुणीतरी शोधत येईलच, म्हणून लिहिलं.

बिटमोजणी
हिशेब मांडतो. जेपेग ८ बिट, दर चॅनेलला (लाल, हिरवा, निळा) २५६ पायऱ्या. तुमच्या रॉमध्ये १६,३८४. समजा आकाशाची उंची ६०० पिक्सेल आहे आणि त्यात निळा चॅनेल ९० पासून १२० पर्यंतच जातो. म्हणजे ३० पायऱ्या, प्रत्येक पायरी २० पिक्सेलची पट्टी. ही पट्टी एरवी दिसत नाही, कारण बारीक नॉइज तिची कडा विस्कटून टाकतो. तुम्ही ल्युमिनन्स ६० करून तो नॉइज पुसलात. वर ६००० चे २०४८ करताना साधारण साडेआठ पिक्सेलांची सरासरी होऊन एक पिक्सेल बनतो, त्यात उरलेला नॉइज आणखी एक-तृतीयांश होतो. आकाशाला थोडा नॉइज हवा असतो.

सातमाळा
ग्रेन (मुद्दाम घातलेला बारीक दाणा) टाका. इफेक्ट्समध्ये अमाउंट १५, साइज २५.

अंधारखोली
लाइटरूमचा ग्रेन फोटोचा आकार लहान करताना बराचसा विरघळतो. क्रम असा: १६ बिट टिफ (तपशील न गमावणारी फाइल) काढा, फोटोशॉपमध्ये २०४८ करा, *त्यानंतर* फिल्टर, नॉइज, ॲड नॉइज, ०.५ ते १ टक्का, गाउसियन, मोनोक्रोमॅटिक. मग ८ बिट करून जेपेग. ८ बिट आधी केलंत तर पायऱ्या पडून जातात, ग्रेन फक्त त्यांच्यावर बसतो. फुकटात हवं तर डार्कटेबल सॉफ्टवेअरमध्ये डिदरचं (बारीक दाण्यांनी पायऱ्यांच्या कडा विस्कटण्याचं) मॉड्यूल आहे, त्यातली पद्धत फ्लॉइड-स्टाइनबर्ग ऑटोवर ठेवा.

उजेडवेडा
फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घेतलं की हे सगळं लागतच नाही. सेकंडहँड बॉडी ६०-७० हजारांत मिळते.

बिटमोजणी
फुल फ्रेमचं जेपेगही ८ बिटच असतं. उलट स्वच्छ आकाशात पट्टे लवकर दिसतात.

रानवाटा
दाण्यांबद्दल कुणी बोललंच नाही. लाल-हिरवे दाणे म्हणजे कलर नॉइज आणि तुम्ही कलर ० केलंय! रॉसाठी मूळ २५ असतं, ते परत आणा, काळ्या भागात डाग राहिले तर ४० पर्यंत न्या. शॅडोज +८० म्हणजे सेन्सरवर जिथे उजेडच कमी पडला तो भाग ओढून वर आणणं. +४० वर थांबा. शार्पनिंगचं मास्किंग आल्ट दाबून सरकवा, आकाश पूर्ण काळं होईपर्यंत (काळं दिसतं तिथे शार्पनिंग लागत नाही). डीहेझ आकाशावर नको, मास्क करून फक्त कड्याला द्या. आणि एक्सपोर्टची क्वालिटी किती आहे, ते सांगितलंच नाहीत.

पाचनई_वाट
आत्ता बघितलं. ‘लिमिट फाइल साइज’ला टिक आहे, ५०० केबी. एका स्पर्धेसाठी केलेला जुना प्रीसेट (साठवलेली सेटिंग्ज).

रानवाटा
मग हाच मोठा चोर. ती टिक असली की क्वालिटी तुमच्या हातात राहत नाही, फाइल ५०० केबीत बसेपर्यंत सॉफ्टवेअर ती उतरवतं. जेपेग ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत चालतं. क्वालिटी उतरली की चौकोनातले बारीक फरक आधी जातात आणि आकाशात नेमके तेच असतात. टिक काढा, क्वालिटी ९० ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिथे पुन्हा दाबलं जातं.

सातमाळा
+१. टिक काढा आणि ग्रेन टाका.

कृष्णधवल
ब्लॅक अँड व्हाइट करा, रंगाचा प्रश्नच मिटला.

बिटमोजणी
नका करू. तीन चॅनेलच्या पायऱ्या वेगवेगळ्या जागी पडतात म्हणून रंगीत फोटोत त्या एकमेकींना झाकतात. करड्यात एकूण २५६ छटाच उरतात, पट्टे आणखी उठून दिसतील.

अंधारखोली
पुढच्या वेळी ट्रायपॉड लावून ९ फ्रेम घ्या. फोटोशॉपमध्ये फाइल, स्क्रिप्ट्स, लोड फाइल्स इनटू स्टॅक. अलाइन आणि स्मार्ट ऑब्जेक्टला टिक. मग स्टॅक मोड मीन, म्हणजे सगळ्या फ्रेमची सरासरी. नॉइज ९ च्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे एक-तृतीयांश. ढग पळत असतील तर कड्यापुरतंच वापरा.

पाचनई_वाट
सगळ्यांचे आभार. शेवटी काहीच विकत घेतलं नाही आणि ग्रेनही टाकला नाही. ल्युमिनन्स ६० वरून १२ वर आणलं, कलर ३०, शॅडोज +४५, टिक काढून क्वालिटी ९२. फाइल १.३ एमबी झाली. आकाशाचे पट्टे गेले. कड्यात बारीक दाणा आहे, तो राहू देतोय. संध्याकाळच्या अंधारात कातळ तसाच खरखरीत दिसतो. १२ बाय १८ च्या प्रिंटसाठी १६ बिट टिफ वेगळी काढली आहे.

सातमाळा
प्रिंटला तरी ग्रेन टाका.

रानवाटा
आधी लॅबला विचारा, १६ बिट टिफ घेतात का. बऱ्याच जागी जेपेगच लागतं. तसं असेल तर तुम्ही स्वतः पूर्ण आकाराचं, क्वालिटी १०० चं काढून द्या, त्यांच्यावर सोडू नका.