एक्झोम निगेटिव्ह, पण तीन पिढ्यांत तोल जातोय

मेंदूविकार_पीजी
रुग्ण ३८ वर्षांचा. चालताना तोल जातो, बोलणं अडखळतं, नजर एकीकडून दुसरीकडे वळायला वेळ लागतो. वडील आणि आजोबांनाही हेच होतं. एमआरआयमध्ये लहान मेंदू आक्रसलेला. बी१२, थायरॉइड, ई जीवनसत्त्व ठीक. एक्झोममध्ये (जनुकांचे प्रथिनं घडवणारे भाग वाचणारी तपासणी) काही सापडलं नाही. मग 'आनुवंशिक नाही' असं सांगायचं का? धाकट्या भावाचं लग्न ठरतंय, त्याचंही रक्त पाठवू का?

जनुकवाचक
असं अजिबात सांगू नका. लागोपाठ तीन पिढ्या म्हणजे एससीए (लहान मेंदू बिघडून तोल जाणाऱ्या आनुवंशिक आजारांचा गट) आधी बघायचा, आणि संथ नजर म्हटल्यावर पहिला संशय एससीए-२ चा. एटीएक्सएन२ जनुकात सीएजी हे डीएनएच्या तीन अक्षरांचं त्रिकूट बहुतेकांत २२ वेळा येतं. ३३ पासून पुढे आजार. एक्झोममध्ये डीएनए साधारण १५० अक्षरांच्या तुकड्यांत वाचतात. तीच अक्षरं पुन्हा पुन्हा आली की तुकडा नेमका कुठला हे ठरत नाही, आणि नेहमीच्या विश्लेषणात ही मोजणी बहुधा करतच नाहीत. फ्रीडरिक ॲटॅक्सिया (तोल जाणारा आणखी एक आनुवंशिक आजार) यातला पुन्हा पुन्हा येणारा जीएए तर इंट्रॉनमध्ये (जनुकाच्या प्रथिन न घडवणाऱ्या भागात) असतो, तिथवर एक्झोम पोचत नाही.

रिपीट पॅनेल (अशी पुन्हा पुन्हा येणारी त्रिकुटं मोजणारी तपासणी) मागवा: एससीए १, २, ३, ६, ७, १२, १७. (उत्तर भारतातलं अगरवाल कुटुंब आणि सुरुवात हाताच्या कंपाने, तर एससीए-१२ आधी.)

लॅब_बाकावरून
जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत ३ मिली रक्त. हिरवी नळी नको, हेपॅरिनमुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी प्रक्रिया) अडतो.

रिपोर्टमध्ये दोन्ही ॲलीलचे (आई-वडिलांकडून आलेल्या जनुकाच्या दोन प्रतींचे) आकडे आहेत का बघा. साध्या पीसीआरच्या आलेखात एकच शिखर दिसलं तर दोन शक्यता: दोन्ही ॲलील सारखे, किंवा मोठा ॲलील पीसीआरमध्ये उमटलाच नाही. एटीएक्सएन२ मध्ये २२/२२ इतकं सर्रास आढळतं की फसगत नेमकी इथेच होते. टीपी-पीसीआर (लांबलेली रिपीट पकडणारा खास पीसीआर) केला का, हे विचाराच. मोठा ॲलील असेल तर त्यात दातेरी शिखरांची लांब, उतरती शेपटी दिसते.

समुपदेशन_कक्ष
भावाचं रक्त आत्ता नको. रुग्णात कोणता जनुक बिघडलाय हे कळल्याशिवाय भावाच्या निगेटिव्ह रिपोर्टला अर्थ नाही. कळल्यावरही तपासणी करायची की नाही हे तोच ठरवेल, घरचे किंवा होणारे सासरचे नाहीत. जन्मतः जोखीम ५० टक्के. आधी समुपदेशन, लेखी संमती, आणि रिपोर्ट फक्त त्याच्या हातात. घरातल्या १८ वर्षांखालच्या, लक्षणं नसलेल्या मुलांना तपासू नका.

पुढे गर्भाची तपासणी हवी असेल तर ११ ते १३ आठवड्यांत सीव्हीएस (वारेचा छोटा नमुना घेऊन तपासणी) होते, पण पालकाचा रिपीटचा आकडा त्याआधी हातात हवा.