पिंगुळीला बाहुल्या आणि चित्रकथी बघायला घरच्यांना घेऊन जायचंय, कसं आखावं?

पूर्णगडची

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे रत्नागिरीहून मालवणला जातोय. त्यात एक दिवस पिंगुळीसाठी राखून ठेवायचा आहे. कुडाळजवळचं ठाकर आदिवासी कला आंगण, म्हणजे कळसूत्री बाहुल्या, पडद्यावर सावली पाडणाऱ्या चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत गाऊन सांगायची कथा) यांचं संग्रहालय. आग्रह माझ्या सासऱ्यांचा आहे. ते मूळचे कुडाळ तालुक्यातले. लहानपणी देवळात कंदिलाच्या उजेडात एक माणूस चित्रं उलटत उलटत रामायण गायचा, हे त्यांच्याकडून आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. हे संग्रहालय उभारणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आबांनी पेपरातली बातमी कापून देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात ठेवली, ती अजून तिथेच आहे.

अडचणी अशा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसता येत नाही. मुलगी सहावीत आहे, तिला चित्रकलेचं वेड आहे, तिची काळजी नाही. धाकटा पाच वर्षांचा. त्याच्यासाठी बाहुली म्हणजे अर्धवटराव आणि आवडाबाई, त्याच्या बाबांनी त्याला व्हिडिओ दाखवलेत. तो अंधारात पडद्यासमोर शांत बसेल का? रावणबिवण बघून घाबरेल का? एकूण किती वेळ धरावा? आधी कळवावं लागतं का? आणि त्याच दिवशी आणखी काही बघता येईल का?

आबा आता ऐंशीच्या घरात आहेत. पुन्हा पुन्हा जाणं व्हायचं नाही, म्हणून नीट जमवायचं आहे.

नेरूरकार

आबा सांगतत ता खरा असा. आमच्या ल्हानपणी देवळात ठाकर येयत. रातीचा जेवान झाला की आजी आमका घेवन जाय, खाली गोणपाट घालून बसाचा. वीणा वाजाक लागली की पोरा गप. सीतेक रावण घेवन जाता ता चित्र इला की म्हाताऱ्यो बायलो पदर डोळ्यांक लावीत. आबांका एकदम फुडे बसवा. आणि त्येंका गजाली मारूक वेळ देवा. त्येंच्या वाडीतला कोण ना कोण वळखीचा थय गावतलाच.

मास्तरीण_वेंगुर्ला

ताई, जरूर जा. मी वेंगुर्ला तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते आणि वर्गातल्या मुलांना तिथे नेत असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फोन करा, आणि आम्हाला संग्रहालयाबरोबर खेळही बघायचा आहे असं स्पष्ट सांगा. नुसत्या वस्तू बघायच्या तर तासाभरात होतं. पण खेळ उभा करायला माणसं लागतात. एक गाणारा, एक टाळ धरणारा, एक पडद्यामागे. हे सगळं घरच्याच लोकांनी उभं केलेलं आणि सांभाळलेलं आहे. त्यांचे बाहेरगावचे कार्यक्रम असतात, कार्यशाळा असतात. दारात गाडी उभी करून दहा मिनिटांत दाखवा म्हणणारे लोक मी पाहिलेत, मला त्याचं फार वाईट वाटतं. मागच्या वर्षी एका टूरवाल्याची बस आली होती. माणसं उतरली, बाहुल्यांबरोबर फोटो काढले आणि हुडुक (डमरूसारखं छोटं वाद्य) वाजायच्या आत परत बसमध्ये बसली. तुम्ही अख्खी सकाळ किंवा अख्खी दुपार द्या. अडीच-तीन तास धरा.

हे संग्रहालय गंगावणे कुटुंबाने २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यात सुरू केलं. मुलांना हे जायच्या आधीच सांगून ठेवा. म्हणजे मोठी इमारत, तिकिटाची खिडकी असं काही मनात धरून ती जाणार नाहीत. एका घराने आपल्या वाडवडिलांच्या वस्तू जपल्यात आणि त्या घरात आपण पाहुणे आहोत, हे त्यांच्या लक्षात राहील. माझ्या वर्गातली मुलं तिथे आपणहून हळू बोलतात.

आता चित्रकथी. तुमच्या लेकीसाठी इथे खजिना आहे. एकेक चित्र साधारण एक फूट बाय दीड फूट. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की पुढचा प्रसंग समोर. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. पोथी उघडली की आधी गणपती, मग सरस्वती, त्यांना वंदन झालं की कथा सुरू. जुन्या काळी फाटलेली, जीर्ण झालेली पोथी टाकून देत नसत, तिचं पाण्यात विसर्जन करत. म्हणूनच जी जुनी चित्रं आज बघायला मिळतात त्यांचं मोल मोठं आहे.

लेकीला सांगा, चेहरा बघ. चेहरा एका बाजूने काढलेला असतो, पण डोळा पुरता, टपोरा. नाक सरळ आणि टोकदार. मागे डोंगर, झाडी, आकाश असलं फारसं काही नसतं. मोकळ्या कागदावर माणसं उभी, आणि त्यांच्या हातांकडे बघितलं की कोण कोणाला काय म्हणतंय ते कळतं. आणि जवळ जाऊन जुन्या चित्रांच्या कडा बघायला सांगा. धरून धरून, उलटून उलटून त्या काळवंडल्यात. मी मुलांना आधी त्या कडाच दाखवते.

चित्रकथी भिंतीवर टांगून बघायची गोष्ट नाही, हे मी अगदी मनापासून सांगते. चित्रात युद्धाचा एकच क्षण असतो. बाण सुटायच्या आधी काय झालं, लक्ष्मण काय म्हणाला, मंदोदरी का रडली, हे सगळं गाणाऱ्याच्या तोंडी. वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीवर तो गातो, मधेच थांबून बोलतो, चित्रावर बोट ठेवतो, पुन्हा गातो. प्रसंग रंगला की पान लवकर उलटत नाही, मुलं कंटाळली असं दिसलं की पटकन पुढे जातो. श्रोत्यांकडे बघत कथा कमीजास्त करायची ही विद्या चित्र विकत घेऊन घरी नेता येत नाही. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ठाकर मंडळींनी ती पिढ्यान् पिढ्या राखली, गावोगावच्या देवळांत जाऊन कथा लावल्या. पुढे सिनेमा आला, घरोघरी टीव्ही आला आणि देवळातली ती गर्दी पांगली. आबांनी ऐकलेली कथा ही त्याआधीची. त्यांना एखादा प्रसंग, एखादं पद आठवत असेल तर ते गाणाऱ्यांना आवर्जून सांगायला लावा. जमलं तर त्यांनी सांगितलेलं मोबाईलवर रेकॉर्डही करा.

धाकट्याची चिंता सोडा. कळसूत्री बाहुल्या त्याला लगेच आवडतील. लाकडी बाहुल्या, रंगीत कपडे, दोऱ्या वरून बोटांत धरलेल्या. गणपती नाचत येतो तेव्हा हात आधी हलतात आणि मग मान डोलते. अर्धवटराव बोलतो, ही बाहुली मात्र नाचते, आणि तिच्या वतीने बोलतो तो मागचा माणूस, हे त्याला आधी समजावून ठेवा.

सगळ्यात जास्त रमेल तो चामड्याच्या बाहुल्यांत. कातडं तासून तासून इतकं पातळ केलेलं असतं की उजेड आरपार जातो. त्यावर बारीक भोकं पाडून दागिने, किरीट, वस्त्राचे काठ दाखवलेले असतात. आंध्रातल्या बाहुल्या माणसाएवढ्या मोठ्या आणि सांध्यांत हलणाऱ्या, आपल्याकडच्या आकाराने लहान आणि बहुतेक अखंड. त्यामुळे चालणं, लढणं, पडणं, सगळं धरणाऱ्याच्या मनगटात. खेळ संपला की पडद्यामागे जाऊन बघू का, असं विचारा. माझ्या वर्गातला एक मुलगा एका जागी कधी बसायचा नाही. त्याच्या हातात एक बाहुली दिली. त्याने ती पडद्याला टेकवली, तर भोकंन् भोकं मोजता येतील इतकी स्पष्ट सावली. मग दिव्याकडे मागे नेली, तर सावली वाढत वाढत अख्ख्या पडद्यावर पसरली आणि कडा पुसट झाल्या. त्याने पुन्हा टेकवली, पुन्हा मागे नेली. बाकीची मुलं बाहेर जाऊन खाऊ खात होती, हा आतच. सावली कशी लहानमोठी होते हा विज्ञानाचा धडा मला त्या वर्षी वेगळा शिकवावा लागला नाही.

भीतीचं म्हणाल तर धाकट्याला आधी पडद्यामागे न्या, दिवा आणि बाहुली दाखवा, मग समोर बसवा. अशाने मुलं घाबरत नाहीत.

पिंगुळी मुंबई–गोवा महामार्गालगतच आहे, कुडाळपासून अगदी थोडं अंतर. रत्नागिरीहून मांडवी एक्सप्रेसने आलात तर कुडाळ स्टेशनवरून रिक्षा मिळते. पिंगुळीतच राऊळ महाराजांचा मठ आहे, सासूबाईंना दर्शनाला जाता येईल. त्याच दिवशी आणखी एकच ठिकाण करा. सावंतवाडी केलीत तर राजवाड्यात गंजिफा बघता येतात. गोल पत्ते, दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे बारा-बारा असे १२० पत्ते, सगळे हाताने रंगवलेले. लेक तिथून हलणार नाही. चितार आळीत लाकडी खेळणी आहेतच. किंवा दगदग नको असेल तर वालावलचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि शेजारचा तलाव. दोन्ही एका दिवसात मारू नका, आबा दमतील.

घाटावरचा

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रं आहेत, मी ती कॉलेजपासून बघत आलो. सुंदर आहेत, पण काचेमागे गप्प आहेत. पिंगुळीला वीणा सुरू झाली आणि गाणाऱ्याने पहिलं पान वर धरलं तेव्हा माझी बायको, जिला पुराणातल्या गोष्टींचा मुळीच ओढा नाही, ती पुढे सरकून बसली.

एक व्यवहाराचं सांगतो. तिथे नवी काढलेली चित्रं विकत मिळतात. घ्याच, आणि घासाघीस करू नका. कोणी काढलं ते विचारून त्यांच्याच हाताने मागे नाव आणि साल लिहून घ्या. घरी आल्यावर फ्रेम करताना काच चित्राला चिकटू देऊ नका, मधे जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा. तुम्ही रत्नागिरीच्या, तुमच्याकडे पावसाळ्यात ओल येणारच. पश्चिमेच्या भिंतीवर लावलंत तर दोन पावसाळ्यांत बुरशी धरेल. आतल्या भिंतीवर, थेट ऊन पडणार नाही अशा जागी लावा. आणि जुन्या चित्रांचे फोटो काढायचे तर विचारून, फ्लॅश बंद करून.

पूर्णगडची

सगळ्यांचे मनापासून आभार. नेरूरकार, तुमचा प्रतिसाद आबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, गोणपाट बरोबर, पण आमच्याकडे आई घोंगडी न्यायची. मग जेवायला बसलो तरी गोष्टी सुरूच. हनुमान लंकेत जातो त्या चित्रात शेपटी कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होती असं त्यांनी लेकीला सांगितलं. तिने ते रात्रीच कागदावर काढून बघितलं.

मॅडम, दोन गोष्टी राहिल्या. सासूबाईंच्या बसण्याचं काय करू? आणि छायाबाहुल्यांसाठी संध्याकाळीच जावं लागेल का? रात्री मालवणला परत यायचं तर आबांना त्रास होतो.

मास्तरीण_वेंगुर्ला

फोन करताना खुर्चीचंही सांगून ठेवा. तरी गाडीत एक घडीची खुर्ची टाकाच, वालावललाही उपयोगी पडेल. सासूबाईंना कडेला पण पुढे बसवा. चित्रं हातात धरून दाखवतात, मागून बारकावे दिसत नाहीत.

संध्याकाळची गरज नाही. मी मुलांना शाळेच्या वेळेतच नेते. खोलीत अंधार केला की दिवसाही पडद्यावर चांगलं दिसतं. तुम्ही सकाळी नऊ-साडेनऊला मालवणहून निघा. कुडाळपर्यंत तीस किलोमीटरच्या आतबाहेर अंतर आहे, पण रस्ता वळणांचा, धाकट्याला गाडी लागत असेल तर नाश्ता हलका द्या. आधी संग्रहालय, मग चित्रकथी, मग कळसूत्री आणि शेवटी छायाबाहुल्या, असा क्रम मागून घ्या. आबा ताजेतवाने असताना त्यांची कथा होऊन जाईल, आणि धाकटा कंटाळायच्या बेतात आला की पडदा लागेल. जेवायला कुडाळात या. दिवाळीच्या सुट्टीत एकनंतर खानावळींत गर्दी असते, तेव्हा मुलांसाठी थोडे पोहे किंवा लाडू बरोबर ठेवा.

आणि आबांची ती हनुमानाची शेपटी गाणाऱ्यांना नक्की सांगा. त्यांच्याकडे तो प्रसंग असेल तर तोच लावायची विनंती करा. लेकीने काढलेलं चित्रही बरोबर घेऊन जा.