ट्रकच्या मागच्या एका बाजूचे ब्रेक लायनर दुप्पट झिजतात, दोष कुठे शोधायचा?

डिझेलधूर:
सहा चाकी, 16 टनी जुना ट्रक. फुल एअर ब्रेक (हवेच्या दाबावर चालणारे), एस-कॅम ड्रम (एस आकाराचा कॅम फिरून शू ड्रमवर दाबतो), हाताने आवळायचे स्लॅक अॅडजस्टर (कॅम फिरवणारा हात, लायनर झिजले की आवळायचा). मागचे लायनर (शूवरचे, ड्रमला घासणारे पट्टे) दोन्हीकडे एकाच दिवशी टाकले होते. आता क्लीनर साइडला (डावीकडे) 6 मिमी उरलेत, ड्रायव्हर साइडला 12. मेकॅनिक म्हणतो, क्लीनर साइडचे बदला, झालं. पटत नाही.

बारापाना:
न पटणंच बरोबर. झिजलेली बाजू बऱ्याचदा इमानदार असते आणि कामचुकार दुसरीच. आधी स्ट्रोक मोजा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर पुशरॉड (स्लॅकला ढकलणारा दांडा) किती बाहेर येतो ते. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, टाकीत 6-7 किलो दाबाची हवा, इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला. पुशरॉड चेंबरमधून (चाकाजवळच्या हवेच्या डब्यातून) जिथे बाहेर येतो तिथे खडूने खूण करा, एकाला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि खूण किती सरकली ते बघा. साध्या 24 नंबरच्या चेंबरला 45 मिमी, 30 नंबरला 50 मिमीच्या पुढे गेली तर त्या चाकाला जोर मिळत नाही. दोन्हीकडे चेंबर एकाच नंबरचे आणि स्लॅकचे हात सारख्याच लांबीचे आहेत ना, तेही बघून घ्या. जुन्या गाडीत मिळेल ते बसवलेलं असतं.

ग्रीसगन:
स्ट्रोक सारखे निघाले तर मागचा अॅक्सल जॅकवर घेऊन चाकं हाताने फिरवा. क्लीनर साइड अडखळली तर ब्रेक सुटत नाही: रिटर्न स्प्रिंग ढिली, अँकर पिन जाम, किंवा होज आतून फुगून हवा परत येऊ देत नाही. ड्रायव्हर साइडचा हब सील गळून लायनरला तेल लागलं असेल तरी ती बाजू पकडणार नाही. पार्किंगच्या स्प्रिंगचा चेंबर मात्र कुणीही खोलू नका; आतली स्प्रिंग सुटली तर जीव जातो.

डिझेलधूर:
मोजलं. 30 नंबरचे चेंबर, ड्रायव्हर साइड 58, क्लीनर साइड 38. चाकं मोकळी, तेल कुठेच नाही. पण ड्रायव्हर साइडचा कॅम शाफ्ट हाताने वरखाली हलतो. त्या बाजूचे वरचे-खालचे लायनरही सारखे झिजलेले नाहीत.

बारापाना:
58 म्हणजे 50 च्या पुढे, तेव्हा कामचुकार ड्रायव्हर साइडच. आणि शाफ्ट हलतोय म्हणजे त्याचे बुश (ज्यात तो फिरतो त्या कड्या) गेलेत. एस-कॅम दोन्ही शूंना सारखंच ढकलतो, म्हणून वर-खाली फरक दिसला की आधी बुशवर संशय घ्यायचा. पाऊण मिलिमीटरच्या वर खेळ असेल तर बुश आणि सील बदला, रोलरही तपासा. लायनर दोन्ही बाजूंचे एकदम टाका, एकाच ग्रेडचे. मग स्लॅक लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळून पाव ते अर्धा फेरा सैल करा. आवळताना पुशरॉड चेंबरमधून बाहेर ओढला जात असेल तर बोल्ट उलटा फिरतोय.

ग्रीसगन:
ग्रीस मारताना हात आवरता घ्या. चाकाकडचा सील उलटा बसला असेल तर जास्तीचं ग्रीस थेट नव्या लायनरवर. आणि 20-25 किलोमीटर चालवून स्ट्रोक परत मोजा, नवे लायनर बसले की तो वाढतो.