बुडी मारण्याआधीचे जोरजोरात श्वास
बुडी मारण्याआधी वीस-पंचवीस श्वास जोरजोरात घेतले की ऑक्सिजन साठतो, असं काही जण सांगतात. कृपया कुणी करून पाहू नका. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं, त्यात फारशी भर पडत नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि 'आता वर ये' ही तगमग मुख्यतः त्याच्यामुळेच होते! म्हणून पाण्याखाली ऑक्सिजन संपत आला तरी कळत नाही, आणि दम कोंडल्यासारखं न वाटताच शुद्ध हरपते.

माझा चुलतभाऊ, चांगला पट्टीचा पोहणारा, गावच्या विहिरीत असाच शांतपणे तळाकडे गेला. काठावर काकांचं लक्ष होतं म्हणून वाचला. श्वास घेतानाच बोटांना मुंग्या आल्या होत्या, असं नंतर म्हणाला. तीही कार्बन डायऑक्साइड उतरल्याचीच खूण.