अकरावीच्या सरसकट मुलांची सायकोसिस-तपासणी? माझा विरोध

खडूफळा: काल 'सुमेधा_के' यांनी लिहिलं, "प्रत्येक कॉलेजात प्रश्नावली भरून घ्या, सायकोसिसचा धोका असलेली मुलं आधीच हेरा, गोळ्या सुरू करा." (सायकोसिस म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटणं, असा मनाचा आजार.) रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा. "लोक आपल्याबद्दल बोलतात असं वाटतं का?" हे होस्टेलवर नव्यानं आलेल्या पोराला विचारा, 'हो'च म्हणेल. मेलबर्नला मॅकगोरी-युंग या मानसोपचारतज्ज्ञांनी हा धोका ओळखायचे निकष बसवले ते मदत मागायला आलेल्या मुलांसाठी. तिथे सुरुवातीला वर्षभरात 40 टक्क्यांच्या आसपास मुलं आजारी पडली. 2012मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, तेव्हा तीन वर्षांत 36 टक्के. म्हणजे निवडून आलेल्यांतही निम्म्याहून जास्त मुलांना तो आजार झालाच नाही. अख्खं कॉलेज चाळलंत तर उगाच घाबरवलेली किती निघतील?

सुमेधा_के: टक्केवारी तुमच्यापाशी ठेवा. माझा भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. पंखा आपलं नाव घेतो म्हणून भर मे महिन्यात बंद ठेवायचा. खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. आम्ही चौदा महिने देवऋषाकडे लिंबं उतरवत होतो. एका माणसानं जरी ओळखलं असतं, तर ते चौदा महिने वाया गेले नसते.

दर्यावर्दी: वाईट वाटलं. पण भावाचं लग्न करताना मुलीकडच्यांना सांगितलंत का? माझ्या चुलतबहिणीला नाही सांगितलं. नवऱ्याच्या कॅल्शियमच्या बाटलीत कसल्या गोळ्या होत्या, ते तिला सहाव्या महिन्यात कळलं.

सुमेधा_के: त्याचं लग्न झालेलं नाही. आणि हा प्रश्न इथे कशाला?

आजोळ: कशाला काय? सगळं तिथेच तर अडतं! भाचीनं अकरावीत कॉलेजच्या समुपदेशकाला "आवाज येतात" एवढं सांगितलं, महिन्यात गावभर झालं. पुढे काहीच निघालं नाही. आज ती नोकरी करते, पण स्थळं दारातून परत जातात. कागदावर शिक्का बसला की पुसत नाही, सुमेधाताई.

दर्यावर्दी: म्हणून लपवायचं? फसवणूकच ती!

आजोळ: जे झालंच नाही ते काय सांगायचं? जरा जपून बोला. माझ्या घरची मुलगी आहे ती.

खडूफळा: लग्नाचं पुरे. सुमेधाताई, तुमच्या भावाला धोका नव्हता, तो आजारी पडलेलाच होता. तिथे उशीर नडतो, हे मला मान्य करावंच लागेल. पण नुसता धोका दिसला म्हणून गोळ्या देऊ नका, आधी बोलण्याचे उपचार करा, असं ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत हे ठरवून देणारी 'नाइस' ही संस्थाही सांगते.

सुमेधा_के: गोळ्यांचं मागे घेते. पण त्या खिडक्या घरी येणारा प्रत्येक जण बघत होता. त्याचे सरसुद्धा येऊन गेले. सरांना तरी शिकवाल की नाही?

खडूफळा: सरांना शिकवा. त्याला माझा विरोध नाही.

दर्यावर्दी: आणि त्या बाटलीचं काय? माझी बहीण अजून माहेरीच आहे.