बारालाचा ला: चंद्रा आणि भागा एकाच हिमनदीतून निघतात का?

प्रश्न
बालपण पंढरपुरात गेल्यामुळे हिमाचल प्रदेशातल्या लाहौलच्या नकाशावर ‘चंद्रभागा’ हे नाव पाहून मी बराच वेळ तिथेच थबकलो. आमच्या भीमेला चंद्रकोरीसारख्या वळणामुळे ते नाव मिळाले. तिकडे मात्र चंद्रा आणि भागा या खरोखरच दोन नद्या असून दोन्ही सुमारे 4,890 मीटर उंचीच्या बारालाचा खिंडीजवळ उगम पावतात. त्या एकाच हिमनदीतून निघतात का? खिंडीतून बडा शिग्री हिमनदी दिसते का? जुलैमध्ये जाण्याचा विचार आहे.

प्रतिसाद 1
परिसर एक आहे, हिमनदी नव्हे. भागा खिंडीलगतच्या सूरज तालातून निघून दारचा, केलाँगच्या दिशेने उतरते. चंद्रा आग्नेयेकडच्या बर्फातून निघते, चंद्रतालच्या बाजूने दक्षिणेला जाते आणि बातलनंतर पश्चिमेला वळते. या वळशामुळे, तांदीला दोघी एकत्र येऊन चंद्रभागा होतात, त्या संगमापर्यंतची तिची वाट भागेच्या जवळजवळ दुप्पट होते. दोघींच्या कवेतील डोंगररांगेला गिर्यारोहक ‘सीबी’ (चंद्रा-भागा) म्हणतात. तिथली पुष्कळ शिखरे केवळ क्रमांकाने ओळखली जातात, मात्र सर्वांत उंच मुलकिलाला (6,517 मीटर) नाव आहे. मला सर्वाधिक भावते ते पुढचे: खिंडीच्या उत्तरेला उतरणारे पाणी युनाम, त्सारप, झांस्कर असा निराळाच प्रवास करते आणि तरीही अखेर चंद्रभागेप्रमाणे सिंधूलाच मिळते.

प्रतिसाद 2
बडा शिग्री खिंडीतून दिसत नाही. सुमारे 28 किलोमीटर लांबीची ही हिमनदी बरीच दक्षिणेला, बातलच्या खाली चंद्रेच्या डाव्या तीरावर येते आणि तिचे मुख दगडमातीने इतके झाकलेले आहे की खाली बर्फ आहे हे प्रथमदर्शनी ध्यानातच येत नाही. 1836 मध्ये तिने चंद्रेचा प्रवाह अडवल्याची नोंद आहे. खिंडीतून चंद्रतालपर्यंत पायी जाणार असाल तर वाटेतले ओढे सकाळीच ओलांडावेत, कारण दुपारी बर्फ वितळून पाणी झपाट्याने वाढते.

प्रतिसाद 3
कळकळीची विनंती: 2020 मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून एका दिवसात खिंड गाठता येते, पण शरीराला तेवढ्यात जवळजवळ 2,800 मीटरची चढण सोसत नाही. जिस्पा किंवा केलाँगला किमान दोन रात्री काढाव्यात. डोके दुखू लागले, मळमळले, तर पुढे खिंडीपलीकडच्या सरचूला मुक्कामाला न जाता तडक खाली उतरावे.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. केलाँगला दोन रात्री राहीन आणि त्यांतल्या एका सकाळी तांदीचा संगम पाहून येईन.